नाल्याकाठच्या जमिनीतलं कॅडमियम मोहरी लावून निघेल का? हिशोब मांडून बघू

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन एकर काळी जमीन, एका अंगाने नाला, वरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतली प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा देणारी युनिटं, सात-आठ वर्षं उन्हाळ्यात त्याच नाल्याचं पाणी मोटरने उचललंत, आणि आता माती तपासली तर कॅडमियम ४.२, शिसं १८०, तांबं १६०, क्रोमियम १४० असं आलंय, सगळं किलोला मिलिग्रॅममध्ये. त्यात व्हिडिओ बघितला की मोहरी आणि सूर्यफूल जड धातू ओढून घेतात. म्हणून तुम्ही विचारताय की दोन वर्षं हीच पिकं घेतली तर जमीन साफ होईल का, तेल विकता येईल का आणि पेंड म्हशींना चालेल का.

पेंडीचं आधी सांगते कारण ते थांबण्यासारखं नाही. घालू नका. बाकीचं सावकाश.

मी बावीस वर्षं मातीच्या लॅबमध्ये काढलीत, त्यातली शेवटची दहा-बारा अशाच नाल्याकाठच्या जमिनींच्या मागे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "जमीन साफ कशी करू" हा नाहीच, खरा प्रश्न आहे "या जमिनीतून घरात आणि बाजारात काय जातंय आणि ते कसं थांबवू". दोन्ही एकच वाटतात पण उत्तरं जवळपास उलटी निघतात, कारण पहिल्यात धातू झाडात यावा म्हणून धडपड करायची आणि दुसऱ्यात तो झाडात येऊच नये म्हणून.

व्हिडिओ खोटा नाही, अर्धा आहे. झाडं धातू उचलतात हे खरंच आहे आणि त्यावर १९८० च्या दशकापासून जगभर काम चाललंय. काही झाडं तर अफाट उचलतात, युरोपात जस्ताच्या जुन्या खाणींजवळ थ्लास्पी नावाची वीतभर उंचीची वनस्पती उगवते, मोहरीच्याच कुळातली, तिच्या पानात किलोला शंभर मिलिग्रॅमच्या कितीतरी वर कॅडमियम सापडतं. पण ती वीतभरच. आपली मोहरी, ज्वारी, सूर्यफूल ही अंगाने मोठी पण धातू फार थोडा घेणारी. म्हणजे एकीकडे वाटीभर घट्ट साय आणि दुसरीकडे घागरभर पातळ ताक, लोणी शेवटी किती निघणार ते दोन्हीकडे बेताचंच.

आता हिशोब, तुमच्याच आकड्यांवर. एक एकर, वरची १५ सेंटीमीटर माती, वजन साधारण ८ लाख किलो धरा. किलोला ४.२ मिलिग्रॅम म्हणजे एकरात साधारण ३.३६ किलो कॅडमियम आहे. आपल्याकडे शेतजमिनीसाठी कॅडमियमची ३ ते ६ अशी मर्यादा सांगतात, तर समजा ४.२ चं ३ वर आणायचंय, म्हणजे एकरी ९६० ग्रॅम बाहेर काढायला हवं. मोहरी फुलोऱ्यात कापली तर वाळवून एकरी दोन टन मिळाली असं धरू (हे पण उदार मनाने धरलंय), आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तिने किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम उचललं असं धरू. दोन हजार किलो गुणिले ५, म्हणजे १० ग्रॅम. वर्षाला एक रब्बी पीक धरलं तर ९६ वर्षं. तुमच्या नातवाचा नातू त्या शेतात मोहरी कापत असेल. किलोला ५ च्या जागी २५ उचललं असं मानलं तरी एकोणीस-वीस पिकं लागतात, आणि यात नाल्याचं पाणी आज बंद झालं असं गृहीत आहे.

शिशाचं तर विचारूच नका. १८० म्हणजे एकरात १४४ किलो शिसं. आणि शिसं मातीला असं चिकटून बसतं की मुळं जे थोडंफार घेतात ते बहुतेक मुळातच अडकतं, वर पानात येतंच नाही. किलोला १० मिलिग्रॅम वर आलं असं मानलं तर एका पिकात २० ग्रॅम, एक किलो काढायला पन्नास पिकं. पालेभाजीत जे शिसं सापडतं त्यातलं बरंचसं मुळातून आलेलंच नसतं, पानावर बसलेल्या धुळीचं असतं. तुमच्या आकड्याला शिशासाठी पीक हा उपाय नाही, हे खोडून टाका.

मग इतरांना कुठेच जमलं नाही का? जमलंय, आणि ते उदाहरण मुद्दाम सांगते कारण त्यातून अटी कळतात. जपानमध्ये कॅडमियमचा त्रास जुना आहे, तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली, इताई-इताई म्हणजे "दुखतंय, दुखतंय" असं त्या आजाराचं नावच पडलं. तिथल्या संशोधकांनी चोकोकोकु नावाचं भाताचं एक इंडिका वाण घेतलं जे कॅडमियम भरपूर ओढतं, खाचरातलं पाणी काढून जमीन कोरडी ठेवून दोन वर्षं घेतलं, आणि हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम काढलं. मातीतलं कॅडमियम ३८ टक्के कमी झालं, आणि नंतर त्याच जमिनीत खायचा भात लावला तर त्याच्या दाण्यातलं ४७ टक्क्यांनी उतरलं. आपल्या मोजमापात एकरी वर्षाला पावणेदोनशे ग्रॅम, मोहरीच्या १० ग्रॅमच्या शेजारी ठेवून बघा. पण ते खास निवडलेलं वाण, भातखाचराची माती, पाण्यावर पूर्ण ताबा आणि सगळा पेंढा शेताबाहेर. आणि तरीसुद्धा जिंझूच्या काठची जास्त बिघडलेली खाचरं शेवटी माती बदलूनच दुरुस्त करावी लागली, ते काम २०१२ पर्यंत चाललं होतं.

सूर्यफुलाबद्दल लोक चेर्नोबिलचं नाव घेतात. तिथे अणुभट्टीच्या अपघातानंतर, ९० च्या दशकात, पाण्यातले किरणोत्सर्गी पदार्थ काढायला सूर्यफुलं तळ्यात तराफ्यावर लावली होती, मुळं सरळ पाण्यात सोडून. पाण्यातून उचलणं आणि मातीतून उचलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मातीत काय होतं ते फुकुशिमाला २०११ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर दिसलं, लोकांनी हौसेने सूर्यफुलं लावली, जपानच्या कृषी खात्याने तपासलं तर जमिनीतल्या किरणोत्सर्गी सिझियमचा जेमतेम दोन हजारावा भाग झाडात आला होता. मग त्यांनी मातीचा वरचा थर खरवडायचा रस्ता धरला.

आता तुमच्या जमिनीकडे येऊ. काळी माती, सामू (पीएच) बहुतेक ८ च्या आसपास, चुनखडी, चिकणमाती भरपूर. अशी जमीन धातू घट्ट धरून ठेवते. मोहरी लावून साफ करायची म्हटलं तर हे वाईट, कारण मुळांना मिळतच नाही. पण ज्वारी-मका खायचा म्हटलं तर हेच तुमच्या फायद्याचं. कोकणातल्या तांबड्या आंबट जमिनीत हेच ४.२ असतं तर मी जास्त घाबरले असते. त्यामुळे तुमच्याकडे जमिनीचा हा गुण मोडायचा नाही, उलट वापरून घ्यायचा.

यावरून एक सावधगिरी. कृषी सेवा केंद्रात कुणी म्हणेल की ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळवणारं रसायन) टाका, धातू मोकळा होतो आणि मोहरी पटापट उचलते. अमेरिकेत ९० च्या दशकात शिशासाठी हा प्रयोग खूप गाजला होता, आपल्याच राईवर. मोहरीत शिसं वाढलं हे खरं, पण मोकळं झालेलं बाकीचं शिसं पाण्याबरोबर खाली जायला लागलं आणि ईडीटीए मातीत आठवडेच्या आठवडे टिकतं. तुमची विहीर नाल्यापासून किती लांब आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तुम्ही फवारता त्या चिलेटेड झिंकमध्येही ईडीटीए असतं पण ते चिमूटभर, त्याला घाबरू नका, मी जमिनीत पोत्याने ओतण्याबद्दल बोलतेय.

रिपोर्टबद्दल बोलायचंच राहिलं. तांबं १६० आणि क्रोमियम १४० बघून तुम्ही धास्तावलात, पण आपली काळी माती बेसाल्टची, आणि त्या दगडात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं. यातलं नाल्याचं किती आणि आजोबांच्या काळापासूनचं किती हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. कॅडमियम आणि शिशाचं तसं नाही, ते बेसाल्टमध्ये फारसं नसतंच, त्यामुळे ४.२ आणि १८० हे बाहेरूनच आलंय असं मी धरून चालते. म्हणून एक नमुना नाल्यापासून लांब, वरच्या अंगाला, कधीही ते पाणी न लागलेल्या तशाच काळ्या जमिनीतून घ्या. तो तुमचा ताळा. त्याच्याशिवाय बाकीचे आकडे म्हणजे उंची सांगायची पण जमीन कुठे ते सांगायचं नाही अशातली गत.

आणि तुम्ही लिहिलंय की मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं ठीक होतं. असणारच, त्या पत्रिकेतल्या बारा गोष्टींमध्ये सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन येतात, शिसं आणि कॅडमियम नाहीतच. त्यातलं जस्त-तांबं पण पिकाला मिळणारं, एकूण नाही. लॅबला सांगायचं की ॲसिड डायजेशन करून, म्हणजे माती आम्लात विरघळवून, एकूण कॅडमियम-शिसं द्या आणि सोबत डीटीपीए या रसायनाने काढलेलं, पिकाला उपलब्ध असलेलं कॅडमियम पण द्या. दुसरा आकडा पिकात काय जाईल त्याच्या जास्त जवळचा असतो.

नमुना एकच घेतलाय तुम्ही, बहुतेक मधून कुठून तरी. दोन एकर म्हणजे दोन एकरभर सारखंच असं कधीच नसतं. पाटाचं पाणी जिथे पहिलं उतरतं आणि गाळ बसतो तिथे आकडा वर, टोकाला निम्म्याहून कमी, असं मी वारंवार बघितलंय. तीन पट्टे करा, नाल्याकडचा, मधला, लांबचा. प्रत्येकात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, १५ सेंटीमीटरपर्यंत, सगळं मिसळून चार भाग करत करत अर्धा किलो ठेवायचं. नाल्याकडच्या पट्ट्यात ३० आणि ६० सेंटीमीटरचाही घ्या, कारण काळी जमीन उन्हाळ्यात उलते, हातभर खोल भेगा पडतात आणि वरची माती त्यात ओघळून खाली जाते, त्यामुळे वरचे १५ सेंटीमीटर धरून मी केलेला हिशोब खरं तर तुमच्या बाजूने झुकलेला आहे. आणि कृपा करून गॅल्व्हनाइज्ड बादलीत किंवा घमेल्यात माती मिसळू नका, त्या पत्र्याचं जस्त नमुन्यात येतं. प्लास्टिकचा टब घ्या.

माझाही एक अनुभव सांगते. अशाच एका नाल्यालगत दहा गुंठ्यांवर आम्ही तीन हंगाम मोहरी घेतली होती, मला तेव्हा या विषयाची फार हौस होती. दोन गोष्टी शिकले. पहिली, तीन हंगामांनंतर मातीत फरक पडला का हे सांगताच येईना, कारण एकाच वाफ्यातल्या दोन नमुन्यांमधला फरक हा पिकाने काढलेल्यापेक्षा मोठा होता. दुसरी जास्त लागली. फुलोऱ्याच्या आधी एकदा सकाळी गेले तर अर्ध्या वाफ्याचे कोवळे शेंडे खुडलेले. जवळच्या वीटभट्टीवर उत्तरेकडचे कामगार होते, त्यांच्या बायांनी सरसोंच्या भाजीला नेले होते, आणि का नेऊ नयेत, हिरवीगार मोहरी उभी, ना कुंपण ना पाटी. आम्ही मुद्दाम धातू पानात यावा म्हणून लावलेलं पीक चुलीवर गेलं. मी पालावर जाऊन सांगितलं तर एक बाई म्हणाली, "खराब है तो बोया काहे?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी काट्यांचं कुंपण घातलं, पण माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं, आणि तेव्हापासून खायच्या पिकाने जमीन साफ करा असं मी कुणाला सहजासहजी सांगत नाही.

तेलाबद्दल. धातू तेलात फार कमी उतरतात, बहुतांश पेंडीत राहतात, म्हणून नॉनएडिबल वापरासाठी तेल हा मार्ग काही ठिकाणी सुचवतात. पण तुमच्या योजनेतला अडथळा वेगळाच आहे. मोहरी दाणे भरेपर्यंत उभी ठेवली की खालची पानं पिवळी होऊन गळतात, आणि धातू जास्त असतो तो पानातच, म्हणजे काढलेला माल परत जमिनीवर. साफ करायचं तर फुलोऱ्यात मुळासकट उपटायला हवी, मग बी नाही, तेल नाही. बी पाहिजे तर सफाई नाही. दोन्ही एका पिकात होत नाही. आणि उपटलेली मोहरी टाकणार कुठे? बांधावर जाळली तर राख तिथेच, गाडली तर तिथेच, खतात घातली तर दुसऱ्या शेतात.

मग करायचं काय, माझ्या पद्धतीने. पहिलं पाणी. नाल्याची मोटर काढा, नुसती बंद नको, काढा, कारण मे महिन्यात पीक सुकायला लागलं की हात आपोआप स्टार्टरकडे जातो. पावसाळ्यात नाला फुगून शेतात येत असेल तर त्या बाजूचा बांध उंच करा. विहिरीचं पाणी तपासा, घरात प्यायला असेल तर मातीच्या आधी ते. आणि प्रदूषण मंडळाकडे व तहसीलला लेखी द्या, रिपोर्ट जोडून, पोच घेऊन. २०२५ मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे नवे नियम आलेत, त्यात संशयित जागांची यादी करण्याचं काम जिल्हा प्रशासनाकडे आहे, त्यामुळे तुमचा कागद तिथे पोचलेला असणं महत्त्वाचं. लगेच काही होईल असं मी म्हणत नाही.

नाल्याकडचा पट्टा, नमुन्यात जास्त आला तर, खाण्याच्या पिकातून काढूनच टाका. तिथे बांबू, वाळा, एरंड असलं काहीतरी कायमचं लावा, धातू बाहेर काढायला नाही तर माती जागेवर धरून धूळ आणि वाहून जाणं थांबवायला. गुरं मात्र तिथे चरायला सोडू नका, चरताना गवताबरोबर माती पोटात जाते आणि शिसं जनावरात जायचा तो मोठा रस्ता आहे. आणि वरची माती खरवडून वीटभट्टीवाल्याला विकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माझ्याकडे आलेल्या एकाने विकली होती, नंतर फार पस्तावला.

मधला आणि लांबचा पट्टा पिकवता येईल असं मला वाटतं, पण पीक बघून. पालक, चुका, माठ, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर बंद, पालेभाज्या कॅडमियम सगळ्यात जास्त घेतात. पालेभाजीत ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही आंतरराष्ट्रीय कोडेक्सची मर्यादा आहे, अशा जमिनीत ती कधी ओलांडली जाईल ते तुम्हाला कळणारही नाही. भुईमूग, जवस आणि सूर्यफूल पण नको, यांच्या दाण्यात कॅडमियम इतरांपेक्षा जास्त येतं, म्हणजे व्हिडिओतलं नेमकं तेच पीक. मका बरा, दाण्यात फार कमी जातं. ज्वारी, तूर, हरभरा करता येईल, पण पहिल्या वर्षी दाणा आणि कडबा दोन्ही तपासून मगच घरात आणि गोठ्यात. दुधी, काकडी, टोमॅटो ही फळभाजी पालेभाजीपेक्षा पुष्कळ सुरक्षित. आणि सगळ्यात सोपं म्हणजे झेंडू, निशिगंध. फुलाला बाजार आहे, कुणी खात नाही, मजुरांनाही हात धुण्यापलीकडे काही नाही.

खतात तीन बारीक गोष्टी ज्या थोड्या खर्चात फरक पाडतात. जस्त कमी निघालं तर एकरी आठ-दहा किलो झिंक सल्फेट द्या, जस्त आणि कॅडमियम मुळाशी एकाच दारातून आत शिरतात, जस्त असलं की कॅडमियमला जागा कमी. म्युरिएट ऑफ पोटॅश टाळा, त्यातलं क्लोराईड कॅडमियम मोकळं करतं, पोटॅश लागलाच तर सल्फेटवाला घ्या, महाग आहे पण दोन एकराला परवडेल. आणि शेणखत भरपूर, मात्र घरच्या गोठ्यातलं. शहराच्या कचऱ्याचं किंवा सांडपाण्याच्या गाळाचं खत स्वस्त मिळतंय म्हणून या जमिनीत आणू नका, त्यात परत हेच धातू असू शकतात.

यातलं काय तंतोतंत लागू होईल ते तुमच्या नव्या नमुन्यांवर आहे. लांबच्या पट्ट्यात कॅडमियम १ च्या खाली आलं तर मी इतके नियम लावणार नाही, आणि नाल्याकडे १५-२० आलं तर बांबूचाही विचार परत करावा लागेल. समजा आकडे मधलेच राहिले आणि तरी तुम्हाला हौस असेल तर एक कोपरा, दोन-तीन गुंठे, कुंपण घालून ठेवा आणि करा मोहरीचा प्रयोग, मीच नमुने तपासून देईन.

नमुने घेतले की पट्टा, खोली आणि तारीख पिशवीवर लिहा आणि तीच चिठ्ठी आतही टाका, बाहेरची पुसली जाते. वाफसा असताना घ्या, आत्ता चिखल असेल तर पंधरा दिवस थांबलात तरी चालेल. म्हशींना गेल्या दोन वर्षांत त्या शेतातला कडबा किती महिने घातला तेही लिहा, ते तुम्ही सांगितलं नाहीत.